दोघंही गैरहजर

सुरी हॅममध्ये अर्ध्यावर होती, तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. मायरवेनने सुरी तशीच रुतवून ठेवली, हात एप्रनला पुसले आणि दार उघडलं. दारात एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा उभा होता. हातात काळी हॅट, महागड्या बुटांना चिखल, आणि मागे गल्ली अडवून उभी असलेली लांबलचक गाडी.

"मिसेस प्रिदर्च? मी आल्डिंगम. पियर्स आल्डिंगम, आता लॉर्ड म्हणतात मला. इदवालचा पार्लमेंटातला जुना जोडीदार. ड्रायव्हर सारखा रस्ता चुकत होता हो. उशीर झाला का मला?"

"झाला," ती म्हणाली. "घेऊन गेले त्याला."

"मग मी तसाच दफनभूमीत जातो."

"तुम्ही पोचेपर्यंत माती टाकून होईल. आत या. चहा घ्या."

तो उंबऱ्यात घुटमळला. "आणि तुम्ही? तुम्ही नाही गेलात?"

"आमच्याकडे बायका जात नाहीत. पुरुष पुरून येतात, आम्ही हॅम कापतो."

हे तिने विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. तरी त्याने सभ्यपणे हसू आणलं आणि तिच्या मागोमाग आत आला.

पुढच्या खोलीत सकाळपर्यंत शवपेटी होती. खिडक्या उघड्या टाकल्यामुळे तिथे हाडं गोठत होती, म्हणून तिने त्याला स्वयंपाकघरातच बसवलं. इदवालची बहीण दिलिस शेजारणींना घेऊन चॅपेलमधल्या कपबशा आणायला गेली होती. घरात दोघंच. मायरवेनने त्याच्यासमोर चहा आणि मनुकांच्या पावाचा लोणी लावलेला तुकडा ठेवला आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

त्याची नजर दाराजवळच्या खिळ्यावर गेली. तिथे कातडी वादीला एक रुंद पात्याची छिन्नी टांगलेली होती.

"हीच ती? अहो, ही आम्हाला पाठ होती! प्रत्येक भाषणात यायची."

"निवडणुकीतही यायची," ती म्हणाली.

इदवाल प्रिदर्च पाटीच्या दगडाच्या खाणीतून उठून थेट पार्लमेंटात गेला होता. प्रचारसभेत तो ही छिन्नी डोक्यावर धरायचा आणि म्हणायचा, या हाताने दगड फोडलाय, हा हात कुणापुढे पसरायला नेत नाहीये. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ यायची. खाणीतल्या धुळीबद्दल त्याने पार्लमेंटात पहिलं भाषण केलं, तेव्हा गुइलिम दुकानवाल्याने काउंटरवर चढून ते वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं, आणि बायका साखर न घेताच डोळे पुसत घरी गेल्या. मंत्रीबिंत्री तो कधी झाला नाही. पण दर शुक्रवारी रात्रीच्या गाडीने घरी यायचा आणि शनिवारी पुढच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा. खोकून खोकून निकामी झालेल्या कितीतरी माणसांना त्याने पेन्शन मिळवून दिलं. लोक त्याला 'इदवाल पार्लमेंट' म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात घरच्या पोराचं कौतुक असायचं.

मग सीमेपलीकडच्या एका मोठ्या शहराला पाणी कमी पडायला लागलं, आणि त्यांच्या इंजिनियरांना नकाशावर कुम हेलिगचं खोरं सापडलं. चॅपेल, शाळा, शेतं, थडगी, सगळं पाण्याखाली घालायचं बिल पार्लमेंटात आलं. मायरवेनच्या आईचं घर, हेन्द्रे, त्याच खोऱ्यात होतं. वेल्समधून निवडून गेलेले सगळे त्या बिलाविरुद्ध उभे राहिले. एकच माणूस मत द्यायला आला नाही.

ताप होता, असं इदवालने सांगितलं. लंडनच्या खोलीवर फणफणून पडलो होतो, उभंसुद्धा राहवत नव्हतं. बायकोने विश्वास ठेवला, गावाने नाही. पुढच्याच आठवड्यात गल्लीतली पोरं त्याला 'इदवाल तापवाला' म्हणायला लागली, आणि कुणाही आईने आपल्या पोराला दटावलं नाही. एकदा तो कसाबसा निवडून आला. नंतर पक्षाने दुसरा उमेदवार शोधला. घरी परतल्यावर त्याला दुकानात चहापत्ती मिळायची, पण कुणी हवापाण्याचंही बोलायचं नाही. जे गाव शेजाऱ्याच्या मांजराचीही चौकशी करतं, त्या गावात हे सोसणं म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावं.

बिल पास झालं, धरण झालं, खोरं बुडालं. त्या तळ्याकाठी गावाने दगड उभा केला. खोऱ्यासाठी जे लढले त्यांची नावं त्यावर कोरली. पहिलंच नाव मायरवेनच्या आईचं, कात्रिनचं. पाणी अंगणात येईपर्यंत ती हेन्द्रे सोडायला तयार नव्हती. नंतर गावातल्या सरकारी घरात दोन हिवाळेसुद्धा तिने काढले नाहीत. विरोधात मत देणाऱ्यांचीही नावं त्या दगडावर आहेत. इदवालचं नाही. ते यावं म्हणून मायरवेन दर वर्षी चॅपेलच्या पंचांपुढे जाऊन उभी राहायची आणि एकच वाक्य म्हणायची, त्याला ताप होता. पंच जमिनीकडे बघायचे. आपल्यामागे हा माणूस पळपुटा म्हणून राहू नये, एवढंच तिला हवं होतं. आजही हॅम कापताना तिचे कान रस्त्याकडे होते. सकाळी गुइलिम तिला म्हणाला होता, दगडावरच्या नावाचं थडग्यापाशी आम्ही ठरवू.

"जोडीदार म्हणजे काय, ते तुम्हाला त्याने सांगितलं असेलच," लॉर्ड आल्डिंगम म्हणाला. चहाने त्याचा चेहरा जरा तरारला होता. "तो त्या बाकावर, मी समोरच्या. मला बाहेर जायचं असलं की तोही मत द्यायला जायचा नाही. त्याला जायचं असलं की मी नाही. दोन्ही मतं कटली, हिशोबात फरक नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. आणि इदवालने कधी शब्द खाली पडू दिला नाही. एकदा तर, तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोचा वाढदिवस होता, त्यालाही बोलावलं होतं. आठवडाभर आधी ठरलेलं. आणि नेमकं त्याच संध्याकाळी तुमच्याकडचं कसलंसं बिल आलं. धरणाचं."

सुरी थांबली.

"मी म्हटलं त्याला, बाबा, आज तुला मोकळा करतो. तू जा, मत दे. मी पाहुण्यांकडे बघतो. तर म्हणतो कसा, कशाला? ते पास होणारच आहे, माझ्या एकाने काय होणार? आणि कोट चढवून माझ्याआधी गाडीत!"

"जेवायला," ती म्हणाली.

"जेवायला! आणि जेवण झाल्यावर बायको म्हणाली, मिस्टर प्रिदर्च, तुमच्या भाषेत काहीतरी गा ना. उठला, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि असा गायला, असा गायला! टेबलावर सगळे मुसमुसत होते. एक शब्द कळत नव्हता कुणाला. माझी बायको मरेपर्यंत त्या रात्रीची आठवण काढायची."

"काय गायला?"

"शब्द कुठले यायला मला? पण चाल..." त्याने डोळे मिटले आणि कापऱ्या आवाजात दोन ओळींची चाल गुणगुणली. सुरात होता म्हातारा.

कुम हेलिगच्या चॅपेलमध्ये, खोरं बुडण्याआधीच्या शेवटच्या रविवारी, हीच चाल म्हटली होती. कात्रिननेच निवडलेली. इदवाल त्या दिवशी पुढच्या बाकावर सासूशेजारी उभा होता आणि हुंदक्यांनी त्याला शेवटचं कडवं म्हणता आलं नव्हतं.

मायरवेनने सुरी खाली ठेवली. "ताप नव्हता का त्याला?"

"ताप? छे! घोड्यासारखा ठणठणीत होता."

"आमच्याकडे ताप होता," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग छिन्नीकडे, मग आपल्या कपाकडे. मूर्ख नव्हता तो. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"मिसेस प्रिदर्च, मला कल्पना नव्हती..."

"तुम्हाला कशी असणार."

तेवढ्यात दिलिस कपांचा ट्रे घेऊन मागच्या दाराने आत आली आणि पुढच्या दाराने पुरुष आले. बुटांचा आवाज, ओल्या लोकरीचा वास, घसे साफ करणं. गुइलिम दुकानवाला हॅट छातीशी धरून थेट स्वयंपाकघरात आला. त्याच्यामागे दारात पंच गर्दी करून उभे राहिले.

"मायरवेन, छान झालं सगळं. वारा होता, पण गाणं चांगलं झालं." त्याने मागे पंचांकडे पाहिलं. "दगडाचं बोललो आम्ही तिथे. मेलेल्या माणसाशी किती दिवस अबोला धरायचा? बरेचसे जण हो म्हणतायत. पण दोघा-तिघांचं म्हणणं, खरं काय ते एकदा कळायला हवं." मग त्याला पाहुणा दिसला. "हे कोण?"

"लॉर्ड आल्डिंगम," मायरवेन म्हणाली. "त्याचे जोडीदार. ते होते त्या रात्री त्याच्याबरोबर. त्यांनाच विचारा."

गुइलिमने पाठ ताठ केली आणि चॅपेलमधल्या ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं, "साहेब, धरणाच्या मतदानाच्या रात्री इदवाल खरंच आजारी होता?"

लॉर्डने मायरवेनकडे पाहिलं. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ना मान हलवली, ना डोळे. तिला खरंच वाटलं होतं की हा माणूस खरं बोलेल. शब्दाचा पक्का म्हणतात ना अशांना.

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"फार आजारी," तो म्हणाला. "मी त्याच्या उशाशी बसून होतो. तशातही मत द्यायला जातो म्हणत होता. मीच जाऊ दिलं नाही. दोष द्यायचा तर मला द्या."

दारातल्या माणसांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी "बिचारा" म्हटलं. गुइलिमचे डोळे भरून आले. त्याने पुढे होऊन लॉर्डचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलवत राहिला. ज्या हाताने त्याने इतकी वर्षं इदवालशी हात मिळवला नव्हता, तोच हात.

"साहेब स्वतः सांगतायत म्हटल्यावर प्रश्नच मिटला," तो मागे वळून म्हणाला. "ऐकलंत ना रे? स्वतः उशाशी होते."

मायरवेनला हसू आलं असतं, पण आलं नाही. हेच वाक्य ती या लोकांपुढे डोळ्यांत पाणी आणून बोलत आली होती. खरं समजून बोलत आली होती. ती इथली, बुडालेल्या घरातली लेक. तिच्या तोंडून खरं वाटलं नाही. तेच खोटं एका इंग्रज लॉर्डने चहा पिता पिता सांगितलं आणि सगळ्यांना पटलं.

"ईस्टरच्या आत नाव कोरून घेतो," गुइलिम म्हणाला. "कात्रिनच्या खालीच जागा आहे. सासू-जावई शेजारी शेजारी. बरं दिसेल, नाही?"

"मग माझ्या आईचं नाव काढा," मायरवेन म्हणाली.

"काय?"

"आईचं नाव काढा तिथून."

"अगं, तूच तर दर वर्षी..."

"हो. मीच."

गुइलिमने दिलिसकडे पाहिलं. दिलिसने ट्रे ठेवला आणि भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला. "झोपलेली नाहीये ती, आणि पोटातही काही नाही. वहिनी, बस बरं तू जरा. मी वाढते."

"बस, बस," गुइलिम म्हणाला. "असं होतं अशा दिवशी."

दिलिस हॅमची ताटली घेऊन पुढच्या खोलीत गेली आणि पुरुष तिच्यामागे गेले. खिडक्या लावल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कुणीतरी सूर लावला, बाकीच्यांनी उचलला. तीच चाल. बहुतेक थडग्यापाशीही तीच म्हटली असावी.

लॉर्ड अजून उभाच होता. "मला वाटलं, तुम्हाला तेच हवंय," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, त्याच्यासाठी एवढं तरी..."

मायरवेनने एप्रन सोडलं, खुर्चीवर टाकलं. दारामागचा कोट अंगात घातला. मग हात वर करून खिळ्यावरची छिन्नी काढली. धार अजून होती. ओट्याखालून तिने हातोडीही घेतली.

"तुमची गाडी बाहेर आहे ना?"

"आहे."

"मला तळ्यापर्यंत सोडा."

त्याने छिन्नीकडे पाहिलं आणि पुढच्या खोलीच्या दाराकडे हात केला. "पण आत सगळे... आपण असे उठून गेलो तर?"

"तुम्ही नाही, मी नाही," मायरवेन म्हणाली. "हिशोबात फरक पडत नाही."

तिने मागचं दार उघडलं. आत गाणं रंगात आलं होतं. हॅट हातात घेऊन लॉर्ड तिच्यामागे बाहेर पडला.