कमानीखालची रेघ

मी एक जुनी रेघ आहे. मोबाइलच्या नकाशात पुलाच्या कमानीखालून जाणारा रस्ता दिसतो ना, ती मी. मित्रांनो, तुम्हाला मी एकच दिसते. पण माझ्या पोटात तीन लेन आहेत आणि प्रत्येकीचा नियम वेगळा. कमान दुभाजकाकडे उंच, फुटपाथकडे ठेंगणी. म्हणून कडेच्या लेनमधून उंच ट्रकना बंदी.

मला आखलं मोजणीकाकांनी. फुटपाथवर उभं राहून त्यांनी कडेपासून लेन मोजल्या आणि माझ्यात नोंदवलं : लेन एक, उंच वाहनांना बंदी. रस्त्यावर पट्टे नव्याने रंगवले, की ते पुन्हा जाऊन मोजत. नकाशाच्या कचेरीतले हसत.

“काका, तीन लेन मोजायला कितीदा जाल? बोटं विसरता की काय?”

“बोटं तीच आहेत रे. रस्ता तोच आहे का, ते बघून येतो.”

बारा वर्षं एकही ट्रक कमानीला घासला नाही.

मग काका गेले. पुढच्याच महिन्यात कडेला सायकलींसाठी अरुंद पट्टी आखली गेली. कुणीतरी खुर्चीत बसूनच ती माझ्यात भरली. मोजायचं कडेपासून; म्हणून सायकलींची पट्टी झाली लेन एक आणि काकांची बंदी तिच्यावर जाऊन बसली. कमानीची ठेंगणी बाजू आता लेन दोनच्या डोक्यावर होती, आणि लेन दोन माझ्या लेखी मोकळी.

कमानीवरचा उंचीचा फलकही रंगकामासाठी उतरवलेला होता. भर दुपारी एका ट्रकचालकाला मी सांगितलं, लेन दोनमधून जा. त्याने ऐकलं. मला दिसला फक्त त्याचा ठिपका. तो माझ्यावर येऊन थांबला, तो हललाच नाही.

त्याच्या डोक्याला अकरा टाके पडले. त्याने कचेरीत फोन करून विचारलं, “तुमच्यापैकी कुणी जाऊन बघितलं होतं का?”

काकांची मुलगी त्याच कचेरीत काम करते. ती उठली.

“मोजून येते.”

“ताई, स्क्रीनवर दिसतंय की सगळं!”

“कमान दिसतेय का, दादा?”

ती गेली, मोजलं, परत येऊन बंदी लेन दोनवर आणली. ‘शेवटची पाहणी’ या रकान्यात अजून काकांची तारीख होती. ती पुसायला तिला बराच वेळ लागला.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. शेवटचं जे सांगितलं, तेच खरं मानून मी सगळ्यांना सांगत राहते. रस्ता बदलला, की तुमच्यापैकी कुणीतरी येऊन मला सांगा. काका आता यायचे नाहीत.