फुंकलेली वात

गुणाजीने शेडच्या दारात हात आडवा धरला, तशी शेवंतीच्या ताटातल्या निरांजनाची वात थरथरली.

"वात बाहेर ठेव. हळदकुंकू, फुलं काय ती आत आण."

शेवंतीमागे तिची सासू, गंगुबाई उभी होती. खंडेनवमीचा दिवस. कल्याणच्या रेल्वे यार्डात हातोडे, पाने, कंदील धुऊनपुसून पूजेला मांडले होते. गुणाजीचं हत्यार मात्र जागचं हलवण्यासारखं नव्हतं. बड्या साहेबाच्या डब्यात विजेचे दिवे होते आणि त्यांच्या बॅटऱ्या या शेडमध्ये भरल्या जात. काचेच्या थोराड बरण्या, आत शिशाचे पत्रे, वर तेजाब. शेजारी यंत्र धडधडत होतं आणि बरण्यांतून बुडबुडे सुटत होते.

"ओवाळल्याशिवाय पूजा कसली रे?" गंगुबाई म्हणाली. "तुझा बाप कोयत्यालासुद्धा ओवाळायचा."

"कोयता असा उकळायचा का, आये? वीज भरताना यातनं जे निघतं ते डोळ्यांना दिसत नाही. ठिणगी मिळाली की शेड उडेल."

"देवाच्या वातीनं?"

"वात कुणाची ते त्याला काय कळतंय."

गंगुबाईने सुनेच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि लेकाच्या हाताखालून पाऊल आत टाकलं. शेवंतीला दुसरं काही सुचलं नाही. तिने वाकून फुंकर मारली.

पलीकडे हसतबोलत उभी असलेली माणसं गप्प झाली. भरल्या कपाळाच्या बाईने सणाच्या दिवशी, नवऱ्याच्या हत्यारापुढची वात फुंकली होती. गंगुबाईने ताट जमिनीवर ठेवलं आणि ती मागे न पाहता घरी गेली.

त्याच थंडीत गाठीचा ताप, प्लेग, कल्याणात शिरला. लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागले. गुणाजी कामावरून आला तो काख धरूनच, आणि मग उठला नाही. कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

"एवढी घरं बसली, त्या सगळ्यांनी वाती फुंकल्या होत्या का?" शेवंती एकदा म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही. शेड जशीच्या तशी उभी होती, आणि उभी शेड तिची साक्ष कशी देणार?

रेल्वेची खोली गेली. सासूसुना यार्डाच्या कडेला झोपडीत राहू लागल्या. शेवंती इंजिनांची राख चाळून कोळसा वेची. गंगुबाई तिच्या हातचं खाई, पण तिला दिवा लावू देत नसे.

पुन्हा खंडेनवमी आली. गुणाजीच्या जागी उत्तम नावाचा माणूस लागला होता. त्याची बायको मालन नवं लुगडं नेसून शेडकडे निघाली. ताटात निरांजन पेटलेलं होतं.

"मालन, वात आत नेऊ नको," शेवंतीने राखेतूनच हाक मारली. "यंत्र चालू आहे."

"तू नको गं बाई मला शिकवू. तुझं झालं ते बघितलंय आम्ही."

शेवंतीने मान खाली घातली. झोपडीच्या दारात गंगुबाई बसली होती. शेड उडाली तर ते तिला तिथून स्वच्छ दिसलं असतं. शेवंतीने चाळणीत राख भरली, हलवली, पुन्हा भरली. मग शेडच्या खिडकीत उत्तमची पाठ दिसली आणि तिने चाळणी खाली ठेवली.

पांढऱ्या कपाळावरचा पदर तिने मागे सारला आणि ती झपाझप चालत मालनच्या वाटेला आडवी गेली.

मालन जागीच थबकली. "आजच्याच दिवशी मेलीला..." पुढचे शब्द तिने गिळले. ताट पदराआड धरून ती घराकडे वळली. असा अपशकुन झाल्यावर त्या दिवशी ओवाळणं होणार नव्हतं.

"आता दुसरीच्या मुळावर उठलीस," गंगुबाई दारातून म्हणाली.

शेवंती राखेपाशी जाऊन बसली.

उत्तम शेडच्या दारात आला, रिकाम्या वाटेकडे जरा वेळ बघत राहिला आणि आत गेला. यंत्र दिवस मावळेपर्यंत धडधडत होतं. बॅटऱ्या भरल्या, डब्यात चढल्या, साहेब मुंबईला गेला. काही म्हणता काही झालं नाही.