अंगठ्याखालचा पोचा

मी एक जुने मापटे आहे. पितळी, एका कानाचे, आणि एका बाजूने पोट आत गेलेले. मला पहिल्यांदा बघणारा माणूस या पोच्याकडे बघून 'अरेरे' म्हणतो. मित्रांनो, तुम्ही घाई करू नका. आधी माझी हकिकत ऐका आणि मग काय म्हणायचे ते म्हणा.

मापटे म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. तुमच्या घरी पीठ नि साखर मोजायला वाटी असते ना, तिचे मी थोरले भावंड. एका कारागिराने मला पत्र्यातून ठोकून ठोकून घडवले. भांडे पुरे झाले की तो त्यावर नखाने टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "हे टिकेल." त्या दोन शब्दांवर मी आजवर जगले आहे.

मी ज्या घरी आले, तिथे दोन मुले होती. पंधरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलगी शहाणी, आईच्या हाताखाली पाव भाजायला शिकणारी. मुलगा म्हणजे नुसते वारे. मी घरात आल्याला महिनाही झाला नव्हता, तोच त्याने वरच्या फळीवरच्या मधाच्या बरणीसाठी मला आडवे ठेवले आणि माझ्यावर पाय देऊन उभा राहिला. माझे पोट चेपले. तो पडला, बरणी पडली, मध सगळीकडे झाला. आईने त्याला चांगलेच फैलावर घेतले. मला मात्र कुणी टाकून दिले नाही. मुलगी म्हणाली, "असू दे आई, मोजता तर येतंय."

पण मोजणे बदलले होते. पोचा पडल्यामुळे माझ्यात आता कमी मावत होते. पुढच्या पावाचे पीठ सैल झाले आणि पाव बसला. मुलीने दूध कमी करून पाहिले, अंडी कमी करून पाहिली. एक अख्खा शरद ऋतू तिने त्यात घालवला. शेवटी तिला जमले : चार मापटी पीठ, दुधाची एक छोटी बाटली, तीन अंडी. आणखी एक गंमत तिला सापडली. ती बाटली माझ्यात ओतली की मी काठोकाठ भरायचे, थेंब खाली नाही की वर नाही. आणि मला उचलताना तिचा अंगठा त्या पोच्यात असा बसायचा, जणू कारागिराने तो तिच्यासाठीच ठेवला होता.

वर्षे गेली. ती मुलगी शाळेच्या भोजनगृहात मुख्य आचारी झाली. तो मुलगा चष्मे करणारा झाला. त्याचे लग्न झाले, त्याला मुलगी झाली, आणि तिच्यासाठी तो बाबा झाला, ती आत्या झाली. घर तेच राहिले. पानगळीच्या सुट्टीत सगळे नातेवाईक इथे जमायचे. चौदा माणसे जेवायची, आणि निघताना प्रत्येक कुटुंब एक पाव काखेत मारून न्यायचे. त्या दिवशी माझा थाट विचारू नका. "आत्याबाईंचं मापटं," म्हणून पोरे मला हातोहात फिरवायची.

आणि मग या वर्षी ओल्या पानांवरून घसरून आत्या पडली. उजवे मनगट मोडले.

प्लास्टर घातलेला हात झोळीत अडकवून ती खुर्चीत बसली आणि बाजारहाट बाबाकडे गेला. मित्रांनो, बाबा चांगला माणूस आहे, पण दुकानात शिरला की त्याचे भान सुटते. तो भुकेल्या पोटी जायचा आणि यादी घरी विसरायचा. 'दोनावर एक फुकट' अशी पाटी दिसली की याचा हात गेलाच. घरात तीन बाटल्या असताना त्याने आणखी सहा बाटल्या टोमॅटो सॉस आणला. कांद्यांना कोंब आले. भाजी मागे राहून सडली आणि पुढे नवी भाजी आली. मला कुणी विचारेना. माझ्या पोटात रबरबँड साठले, मेणबत्तीचा एक तुकडा, आणि एक न चालणारे पेन. तीन आठवडे मी कपाटात त्या पेनाच्या संगतीत काढले.

एके दिवशी आत्याने जाहीर केले, "या वर्षी सुट्टीचं जेवण नको. खरं म्हणजे पुढेही नकोच. डॉक्टर म्हणतात, या हाताला पहिल्यासारखा जोर येणार नाही."

अकरा वर्षांची भाची वहीतून डोके वर काढून म्हणाली, "आम्ही करू. तू सांग, मी लिहून घेते."

या मुलीला सगळे लिहून ठेवायची सवय. आत्या तिला कारकूनबाई म्हणायची.

"कोण आम्ही? तू आणि तुझा सॉसवाला बाप?"

"ताई, लेकीसमोर तरी!" बाबा म्हणाला.

आत्या हसली, पण लगेच गंभीर झाली. "बरं. एकदा करून बघा. जमलं तर दरवर्षी करा. नाही जमलं तर हे इथेच थांबलं. मग कुणी माझ्यामागे लागायचं नाही. कबूल?"

"कबूल," कारकूनबाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. सगळा भार तिच्या वहीवर आला होता.

आत्याने तिला आधी दुकानात नेलेच नाही. कपाटापुढे उभे केले. "अर्धा बाजार इथे होतो. आधी काय आहे ते बघ. जुनं पुढे ओढ, मग मोज."

मला रिकामे केले, धुतले, पुसले. मी किती सुखावले म्हणून सांगू! डब्यात पीठ निघाले दोन मापटी. तीन परातींचे पीठ म्हणजे बारा मापटी हवे, म्हणजे आणायचे दहा. मुलीने एक मापटे पीठ काट्यावर ठेवून वजन केले आणि हिशेब मांडला : अडीच किलो. एक भोपळा, कारण सूप एकच होणार होते. सफरचंदे डझनभर, पण डाग पडलेली चालतील, कारण ती शिजवायचीच होती. सॉस : शून्य. शून्याखाली तिने दोन रेघा ओढल्या.

दुकानात बाबाला पोटभर खायला घालून नेले. तो एका पाटीपुढे घुटमळला, तेव्हा तिने नुसती वही पुढे धरली. पिशवीत नेमके यादीतले आले, आणि घरी येऊन पिशवी रिकामी झाली तेव्हा आत्या फक्त "हं" म्हणाली. तिचे 'हं' म्हणजे शाबासकी.

इथवर सगळे छान होते. पण बाबाच्या मनात एक जुनी बोच होती. आदल्या संध्याकाळी त्याने मला गुपचूप आपल्या चष्म्यांच्या दुकानात नेले. त्याला वाकडे काही बघवत नाही. लोकांच्या भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा तो सरळ करतो. त्याने मला लाकडी ठोकळ्यावर चढवले आणि छोट्या हातोडीने आतून हलके हलके ठोकले. पोचा गेला. मला घासून लख्ख केले. "चाळीस वर्षांनी का होईना, ताई," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याचा हात फार मायेचा होता. मला ओरडून सांगायचे होते, 'अरे बाबा, थांब!' पण मापट्याचे कोण ऐकणार?

सुट्टीचा दिवस उजाडला. दुकाने बंद. कारकूनबाईची आई पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली. आत्याला बाहेरच्या खोलीत बसवले होते आणि स्वयंपाकघरात यायला सक्त मनाई होती.

"किती सरळ झालंय!" मला बघून मुलगी म्हणाली.

"शू! जेवताना तिच्यापुढे ठेवायचं, फुलं घालून. गंमत आहे."

बाबा मोजत गेला, मुलगी वाचत गेली. पहिल्या परातीत चार मापटी. त्यात दूध, अंडी, खमीर. पीठ काही मऊ होईना. बाबाने दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या, तरी गोळा दगडासारखा. दुसऱ्या परातीत चार मापटी. तोच प्रकार.

"काय रे, भिंत बांधतोयस का आत?" बाहेरून आत्या ओरडली.

"सगळं ठीक आहे!" बाबा ओरडला, आणि तिसऱ्या परातीसाठी पिशवी उलटी केली. दोन मापटी. बास. पीठ संपले.

बाबाने पिशवी झटकली, मुलीने डब्यात डोकावून पाहिले.

"दुकानदाराने कमी दिलं," बाबा म्हणाला.

"पिशवी बंद होती, बाबा." मुलीने वही उघडली. बेरीज बघितली, पुन्हा बघितली. "मीच चुकले. मी चुकीचं लिहिलं. आता पाव नाही होणार आणि आत्या म्हणेल, थांबवा." वहीच्या पानावर टपकन थेंब पडला.

रडणे ऐकून आत्या मनाई मोडून आत आली. तिने डाव्या हाताने मला उचलले. तिचा अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला.

"माझा पोचा कुठे गेला?" आत्या म्हणाली.

बाबा पाच वर्षांच्या पोरासारखा उभा होता. "मी काढला, ताई. मीच पाडला होता ना? म्हटलं, तुझा हात मोडलाय, निदान एवढं तरी..."

आत्याने त्याच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले, दगडासारख्या त्या दोन गोळ्यांकडे बघितले, आणि पोट धरून हसत सुटली. "अरे खुळ्या! सगळी मापं त्या पोच्याची आहेत. तुझ्या पोच्याची!"

मुलीचे रडणे मध्येच थांबले. तिने बाहीने नाक पुसले. "म्हणजे प्रत्येक मापट्यात जास्त पीठ गेलं? मग पीठ कमी पडलेलंच नाही! बाराच्या बारा मापटी घरातच आहेत. सांडलं नाही, कुणाला दिलं नाही. या दोन गोळ्यांत जास्त गेलंय, तेवढंच तिसऱ्यात कमी आहे."

"मग?" आत्याने विचारले. तिला उत्तर माहीत होते, पण ती चांगली शिक्षिका आहे.

"सगळं एकत्र करायचं. तिसऱ्या परातीचं दूध आणि अंडी घालून."

मित्रांनो, कारागिराच्या हातून सुटले त्या दिवसानंतर इतके हलके मला कधी वाटले नव्हते. जेवायचे टेबल धुऊन पुसून त्यावर दोन्ही गोळे आणि तिसऱ्या परातीतले पीठ टाकले. बाबा कोपरापर्यंत पिठात बुडाला, मुलगी दूध ओतत गेली, आत्या एका हाताने दाबून बघत होती. हळूहळू ते पीठ सैलावले, मऊ झाले, आणि ओल्या फडक्याखाली फुगायला लागले. पाहुणे आले तेव्हा पाव ओव्हनमध्ये होते आणि वास रस्त्यापर्यंत गेला होता. जेवण तासभर उशिरा झाले. कुणी घड्याळ बघितले नाही.

जेवणानंतर आत्याने हुकूम सोडला, "आता पाड पोचा."

बाबाने हातोडी आणली. स्वतःच्या पोटावर हातोडी पडावी म्हणून आसुसलेले भांडे तुम्ही कधी पाहिले आहे का? ते मी होते. एक ठोका, मग दुधाच्या रिकाम्या बाटलीतून पाणी ओतून बघायचे. अजून जागा उरते. दुसरा ठोका. तिसरा. चौथ्यानंतर कारकूनबाईने बाटली उलटी केली. पाणी माझ्या काठापर्यंत आले आणि थांबले. थेंब खाली नाही की वर नाही. चौदा माणसांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने मला उचलले. अंगठा जागेवर बसला.

"पुढच्या वर्षी," ती भाचीला म्हणाली, "यादी चार दिवस आधी करू. आणि वहीत पहिल्या पानावर लिही : मापट्याला चष्मेवाल्यापासून दूर ठेवणे."

मुलीने खरेच लिहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पोचे असतात, चिरा असतात, डाग असतात. मायेने जरूर दुरुस्त करा, पण आधी ती रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा, कारण कुणाचे तरी सगळे गणित त्या पोच्यावर बसलेले असू शकते. आणि बाजाराला निघण्याआधी पोटभर खा, कपाट उघडा, जुने पुढे ओढा. फळीच्या मागच्या बाजूला माझ्यासारखे कुणीतरी, पोटात रबरबँड घेऊन, तुमची वाट बघत बसलेले असेल.