पंच म्हणून एक बाई

राणेकाका सकाळी अकराला आले ते चपला पायात ठेवूनच आत उभे राहिले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी दाराबाहेर चपला काढून पंख्याखालची खुर्ची मागणारा माणूस.

"उद्या दुपारी तीनला येतायत," समोरच्या चारशे तीनच्या बंद दाराकडे मान हलवत ते हळू म्हणाले. "धाड. एक पंच मी. पण एक बाईपण लागते म्हणतात, कायद्यातच आहे तसं. इथलीच, प्रतिष्ठित बाई. मी तुझं नाव दिलंय."

"माझंच का, काका?"

"समोर कोण ऱ्हवता?" घाबरले किंवा खूश झाले की काका मालवणीत शिरतात. आत्ता कुठलं ते कळेना. "शिकलेली आहेस. व्हिडिओ तूच पाठवलेस. आता सहीच्या वेळी मागे सरू नको. आणि कुणाला बोलू नको हां, प्रीतम सोडून."

ते गेले. मी कडी लावली, वरची साखळी लावली, मग पुन्हा कडी बघितली.

व्हिडिओ मीच पाठवले होते, हे खरं. जूनमध्ये भरदुपारी एका माणसाने चुकून आमची बेल वाजवली. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीने, यशूने, स्टूल ओढून आतलं दार उघडलं. बाहेरच्या जाळीला कुलूप होतं म्हणून बरं. मी बाथरूममधून धावत आले तर तो जाळीला तोंड लावून तिला विचारत होता, "वनमाला मॅडम है क्या?" आणि यशू त्याला आपली बाहुली दाखवत होती. त्याच आठवड्यात मी दारावर कॅमेरा बसवला. कोण आलं, किती वेळ थांबलं, सगळं फोनवर दिसायला लागलं आणि मी बघत बसायला लागले. भाजी फोडणीला टाकताना, यशूला भरवताना, बघतच. पाच व्हिडिओ काकांना पाठवले. सहावा पाठवला नाही.

त्या सहाव्यात चंपा आहे. चारशे तीनच्या वनमालाबरोबर राहते ती मुलगी, असेल बावीस-तेवीसची. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती चारशे तीनमधून अनवाणी बाहेर येते, आमच्या दारापाशी येते, बोट बेलवर नेते. दाबत नाही. जवळजवळ मिनिटभर तशीच उभी राहते. कॅमेऱ्याकडे बघते आणि परत जाते. आमच्या कॅमेऱ्याला आवाज नाही.

हे मी किती वेळा पाहिलं असेल. तिला मदत हवी होती का? कोंडून ठेवलेली मुलगी आणखी काय करते? तसं असेल तर उद्याची सही म्हणजे तिची सुटका. पण तसं नसेल तर तिला उचलून सुधारगृहात टाकतील, वर्ष-वर्ष ठेवतील, आणि त्या कागदावर माझं नाव असेल.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना याच विषयावर मी वर्गात भांडले होते. वेश्याव्यवसाय कायदेशीर करा, म्हणजे त्या बायकांना पोलिसांचं भय राहणार नाही, ही माझी बाजू. माझी मैत्रीण दीप्ती म्हणाली होती, मग मुली आणणाऱ्यांनाच पाटी लावून बसता येईल. टाळ्या मला पडल्या होत्या. तेव्हा मी हॉस्टेलवर राहत होते. समोर वनमाला नव्हती आणि पोटी यशू नव्हती.

नवऱ्याला, प्रीतमला, फोन केला. तो पवईच्या ऑफिसात, मीटिंगमधून बाहेर येऊन बोलला.

"तू सही करू नको आणि समोरच्यांना सांगूही नको. दार लाव आणि झोप जा."

"नाव दिलंय माझं."

"मग कर सही. घर घेताना कमिटीने आपलं आडनाव दोनदा विचारलं होतं, आठवतंय ना? आता तेच प्रतिष्ठित म्हणतायत. उगाच वाकडं का घ्यायचं?"

चार वाजता वनमाला पिशवी घेऊन खाली जाताना फोनवर दिसली. यशू झोपली होती. मी आमचं दार ओढून घेतलं, चावी मुठीत धरली आणि तीन पावलं चालून समोरची बेल वाजवली.

चंपाने दार अर्धंच उघडलं. केसांना तेल लावलेलं, अंगात मॅक्सी, हातात मटारची अर्धी सोललेली शेंग.

"काय झालं ताई?"

"तू माझ्या दारात आली होतीस. मागच्या बुधवारी. बेल नाही वाजवलीस. का?"

तिने शेंग पुरती सोलली.

"तुला इथून जायचंय का? खरं सांग, मी आहे."

"कुठे?" तिने विचारलं. उलट उत्तर दिल्यासारखं नाही. खरंच विचारलं. मी विषय बदलला.

"तुझं आधार कार्ड कुठंय?"

"दीदीकडे."

मागे लिफ्टचं दार वाजलं. वनमाला रिकामीच परत आली होती, पर्स विसरली म्हणून. तिने मला पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आज आवाजासकट शूटिंग वाटतं," ती म्हणाली. "या ना आत, मॅडम. दारात उभ्या राहिलात तर लोक काय म्हणतील?"

"मी हिला विचारत होते..."

"कळलं. मी आणली का, मारते का, कोंडते का. विचारा, लाजू नका." ती भिंतीला टेकली. चाळिशीची बाई, गळ्याखाली आडवा, पांढरा पडलेला व्रण. तिने बोट तिथेच ठेवलं. "एकटी राहायचे तेव्हाचं आहे हे. शेजारच्या खोलीत कोणी असतं तर ते गिऱ्हाईक पळालं असतं. म्हणून हिला ठेवलं. पण तुमच्या कायद्यात एकटी राहिली तर एकटी बाई, दोघी राहिल्या की अड्डा. मरायचं नसेल तर गुन्हा करावा लागतो."

"मग कायदेशीर झालं तर बरं होईल ना?" माझ्या तोंडून गेलं.

ती हसली. "लायसन कोणाला मिळेल, मला? ज्याच्या चार इमारती आहेत त्याला. तो शंभर पोरी ठेवील आणि वर पावती देईल. तरी एक सांगते, आज कोणी मला मारलं तर पोलिसांत जाता येत नाही, तेवढं जाता यावं. बाकी तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा."

"आणि हिचं आधार तुमच्याकडे का?"

उत्तर चंपाने दिलं, चटकन, वनमालाकडे बघत. "मी हरवते ना सगळं. आणि ताई, त्या दिवशी तुमची बेबी आत रडत होती. खूप. तुम्ही नव्हता. वाजवणार होते, पण मी वाजवली असती तर तुम्ही म्हणाला असता, ही कशाला आली पोरीजवळ."

त्या बुधवारी यशूला झोपवून मी पार्सल घ्यायला गेटवर गेले होते, ते खरं. तिथे काकांशी बोलत वीस मिनिटं गेली, तेही खरं. परत आले तेव्हा यशूचे गाल ओले होते आणि मला वाटलं, घाम आलाय.

पण हे चंपा वनमालासमोर बोलली होती. वनमाला नसती तर हेच बोलली असती का? आणि मी सांगितलं नाही. उद्या तीन वाजता, एवढे तीन शब्द जिभेवर आले होते. सांगितलं आणि ही बाई मुलीला घेऊन दुसरीकडे गेली, तिथे तिचं काही झालं तर? आणि मी सांगितलं हे काकांना कळलं तर? मी "येते" म्हणाले आणि घरी येऊन साखळी लावली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी ते आले. साध्या कपड्यांतले चौघे, त्यांत एक बाई अधिकारी. कुठल्या शाखेचं पथक ते काकांनाही नीट माहीत नव्हतं. यशूला मी पहिल्या मजल्यावरच्या विमलाताईंकडे सोडलं होतं. तिला सोडताना तिची बोटं माझ्या ओढणीतून एकेक करून सोडवावी लागली.

चारशे तीनमध्ये फारसं काही झालं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. वनमाला खुर्चीवर बसून होती, चंपा भिंतीशी. एक माणूस शर्टाची बटणं लावत बाहेर गेला, त्याला नाव विचारून खाली गाडीत बसवलं. कपाटातून एक प्लास्टिकचं पाकीट निघालं. त्यात दोन आधार कार्डं, दोन रेशनच्या झेरॉक्स, चंपाच्या टायफॉइडचे रिपोर्ट, सगळं एकत्र. आमच्या घरीही असंच पाकीट आहे, तिघांचं. त्यावरून काय सिद्ध होतं, मला सांगता आलं नसतं.

हवालदाराने टेबलावर पंचनामा ठेवला. टाइप करून आणलेला. तारीख, वेळ आणि नावांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. त्या त्याने पेनाने भरल्या. काकांनी चष्मा न लावताच चार ठिकाणी सही केली.

मी वाचायला लागले.

"वाचायचं काय त्यात मॅडम, सगळ्यांचा सेमच असतो," हवालदार म्हणाला.

तिसऱ्या पानावर होतं: पीडितेने पंचांसमक्ष सांगितले की, तिला आरोपी महिलेने बळजबरीने डांबून ठेवले असून तिच्या इच्छेविरुद्ध वेश्याव्यवसाय करण्यास भाग पाडले आहे.

चंपा अजून एक शब्दही बोलली नव्हती.

"हे कधी सांगितलं तिने?" मी विचारलं.

बाई अधिकारी थकलेल्या होत्या. वाईट वाटल्या नाहीत, हे मला लिहायला हवं. "ठाण्यात सांगेल ना. आधी रडतात, मग सांगतात. तिच्याच भल्याचं आहे. हे वाक्य नसेल तर ती पीडित नाही, आरोपी होते. तुम्हाला तिला आरोपी करायचंय का?"

"तिला बाजूला नेऊन विचारा. यांच्यासमोर नको."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, चंपाला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर मटारची सालं होती. बाईंनी विचारलं, "जबरदस्ती होती का?"

चंपाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलं तर घरी जाऊ द्याल?"

"कुठलं घर?"

तिने ओट्यावरची सालं गोळा करायला घेतली. बाईंनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिने मान हो म्हणून हलवली नाही, नाही म्हणूनही नाही. मी तिच्या ओठांकडे इतकी टक लावून बघत होते की माझेच ओठ हलत होते.

बाहेर येऊन मी पेन घेतलं. मी सही केली. तिच्याखाली लिहिलं: माझ्यासमोर मुलीला तीनदा विचारले. ती काहीही बोलली नाही. पान तीनवरील वाक्य तिने माझ्यासमोर सांगितलेले नाही.

हवालदाराने कागद ओढून घेतला. "हे काय केलंत? केस खराब होते अशाने."

"पंच म्हणजे जे दिसलं ते ना?"

बाई अधिकाऱ्यांनी ते वाचलं. मग वही काढली. "पूर्ण नाव. मिस्टरांचं ऑफिस. घरात कोण कोण असतं?"

मी सांगितलं. यशूचं नाव सांगताना अडखळले. त्यांनी तेही लिहून घेतलं.

दोघींना लिफ्टने नेलं. दार लागायच्या आधी वनमाला चंपाला म्हणाली, "नीट सांग गं तिथे." एवढंच. आवाज चढा नव्हता, दबकाही नव्हता. ती तिला सांभाळत होती की दम देत होती, ते मी तीन फुटांवर उभी असून मला कळलं नाही.

"कशाक लिवलंस तां?" काका जिन्याकडे जात म्हणाले. "आता कोर्टात तुकाच बोलावतले."

मी विमलाताईंकडून यशूला आणलं. ती खांद्यावर झोपून गेली. कोर्टात विचारतील, मुलगी राजीखुशीने होती की नाही, तुम्हाला काय वाटलं. मला काय वाटलं हे मला त्या दिवसापासून ठरवता आलेलं नाही. अजून समन्स आलेलं नाही. जिन्यात बूट वाजले की मी यशूला उचलून आतल्या खोलीत नेते.