एकास दहा

काठीच्या टोकाला चिकटलेला तो तपकिरी फुगा, वाटाण्याएवढा… मनालीनं काठी पिंपाच्या कडेवर आपटली, तरी सुटेना. समुद्रशेवाळ म्हणे. ऋतुराज, तिचा नवरा, मालवणहून गाडीच्या डिकीत दोन पोती भरून घेऊन आला होता – माणसं तिकडून काजू आणतात, सुके बांगडे आणतात! – मग ते तीनदा धुतलं, विळीवर चिरलं, पाण्यात बुडवलं, वर चांगला खायचा गूळ घातला आणि गच्चीत चाळीस दिवस कुजत ठेवलं. झाडांचं टॉनिक. आज साहेब गारगोटीला कुणाच्या तरी परसात हेच शहाणपण शिकवायला गेले होते, आणि ढवळायला ही.

कागलच्या फौंड्रीत बावीस वर्षं काढली यानं, मागून आलेले दोघे वर जाऊन बसले, आणि हा घरी येऊन म्हणाला, "चांगली आहेत गं माणसं." चांगली! एकदा तरी टेबलावर हात आपटावा माणसानं… नाही. नोकरी सोडली, आणि आता गुलाबापुढं उकिडवा बसून कपानं पाणी मोजतो, तान्ह्याला औषध पाजावं तसा. रोज सकाळी ती आधी त्या गुलाबाची पानं बघते. एखादं तरी पिवळं पडलं असेल म्हणून. पडत नाही.

"मनाली, ऋतुराज न्हाय व्हय घरात?" खालच्या मजल्यावरच्या धोंडुबाई धापा टाकत वर आल्या होत्या. "बाटलीभर खत देतो म्हटलावता मला. कडीपत्ता पार वाळत चाललाय बघ. आमच्या आईनं लावून दिलेला हाय त्यो, गडहिंग्लजास्नं आणलेला."

"देते की मावशी."

ओढणीतून गाळलेलं काळं पाणी तिनं बाटलीत भरलं.

"कसं घालायचं म्हणायचं?"

एकाला दहा भाग पाणी, नाहीतर मुळं जळतात – हे तो ज्याला त्याला सांगायचा, त्याच त्या संथ, मऊ आवाजात. वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. त्याच्याच आवाजात आलं… तिला शिसारी आली.

"घाला असंच," ती म्हणाली.

"गुणाचा हाय गं नवरा तुझा." बाटली छातीशी धरून, गुडघे सांभाळत, मावशी एकेक पायरी उतरून गेल्या.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"ढवळलंस?"

"हो."

"कोण आलतं काय?"

"नाही."

नाही – किती सहज! तिला स्वतःलाच ते जरा उशिरा ऐकू आलं.

"बरं. वासानं डोकं दुखत असंल तर राहू दे ते. मी आल्यावर करतो."

याच आवाजाची आता नेहमीसारखी कीव यावी म्हणून ती थांबली… आली नाही. इतकी वर्षं ती त्याच्याकडे वरून पाहत आली होती. वर उभं राहायला जी जागा लागते, ती पायाखाली सापडेना. मावशींना अजून हाक मारता आली असती. कदाचित.

"हॅलो… मनाली? खरंच कोण आलं नव्हतं न्हवं?"

त्यानं आणखी एकदा विचारू नये, एवढंच तिला वाटत होतं – आणि विचारावं, असंही.