मागणी नोंदवहीतली केळी

आमच्या सरकारी ग्रंथालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे आणि दरवर्षी पुस्तकांच्या अनुदानातले पैसे वाचवून परत पाठवतो. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू! झाडू दांड्यापर्यंत झिजल्याशिवाय मी नवा काढत नाही. लोक पाठीमागे मला चिकट दिवाकर म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा मात्र वरून पत्र आलं. साठ हजार शिल्लक आहेत, मार्चअखेर वाचकांच्या लेखी मागणीप्रमाणे पुस्तकं घ्या. मागणी दाखवता आली नाही तर रक्कम जाईल आणि पुढच्या वर्षी अनुदान निम्मं होईल. तपासणीला पालघरहून प्रिस्का मॅडम येणार होत्या.

मी निर्धास्त होतो. मागणी नोंदवही तीन वर्षं दाराशी टेबलावर आहे, पेन दोरीने बांधलेलं. कुणी पुस्तक मागितलं की मान वर न करता मी सांगतो, वहीत लिहा. भरती परीक्षेचा अभ्यास करायला गिरीजहून रोज येणाऱ्या जागृतीलाही तेच सांगितलं होतं. तिला नव्या अभ्यासक्रमाची पाच पुस्तकं हवी होती आणि ती विकत घ्यायची घरची ऐपत नव्हती. जुन्या पुस्तकांवर अभ्यास करून गेल्या वेळी पोरगी चार गुणांनी हुकली. आता परीक्षा मेमध्ये, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी.

मॅडम सकाळी अकराला आल्या आणि त्यांनी वही उघडली. राजेळी केळी एक डझन. पडवळ दोन. अळूची पानं, वडीसाठी.

अरे देवा! जागृतीची आजी बायजाबाई सकाळी आमच्या पायरीवर भाजीची पाटी घेऊन बसते आणि दुपारी घरी जाते. दुपारी मासिकं वाचायला येणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशीची भाजी आमच्याच वहीत लिहून ठेवत. पेन आयतं होतं ना! जागृती संध्याकाळी ते घरी जाऊन आजीला सांगायची. माझ्या नाकाखाली हे चाललेलं आणि मला पत्ता नाही.

मॅडम पानं उलटत गेल्या. भाजीच्या गर्दीत जागृतीची पाच पुस्तकं वेगवेगळ्या तारखांना, काही तर पुन्हा पुन्हा, लिहिलेली सापडली. एकाच वाचकाची मागणी आणि तीही भाजीच्या वहीत, ही कशी धरू, असं त्या म्हणाल्या. कोपऱ्यात जागृती पुस्तकात डोकं घालून बसली होती, पण पान काही उलटत नव्हती.

माझं डोकं फिरलं. बायजाबाईला आत बोलावून मी सगळ्यांसमोर सुनावलं, की तुमच्या भाजीपायी पोरीची पुस्तकं गेली.

तिने पदराला हात पुसले. म्हणाली, "भाऊ, या वहीत लिवलेलं मी दुसऱ्या दिवशी आनून दिलं. एकदा बी चुकले नाय. माझ्या नातीनं सातदा लिवलं. ते आनायचं काम कोनाचं होतं?"

एकोणीस वर्षांत किती पैसे परत पाठवले हे मला तोंडपाठ होतं. किती जणांना वहीत लिहा म्हणून वाटेला लावलं, ते मात्र माहीत नव्हतं. लाज वाटली, खरंच.

"चूक माझी आहे, मॅडम," मी म्हणालो. "ही वही मी एकदाही उघडली नाही. तसं लिहा अहवालात."

त्यांनी तसंच लिहिलं. मग म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत थांबते, वाचकांना विचारून घ्या. त्या दिवशी दुपारी मी खुर्ची सोडून टेबलाटेबलाशी गेलो. एकीला शिवणकामाचं पुस्तक हवं होतं, एकीला कादंबऱ्या, अर्नाळ्याच्या एका आजोबांना मोठ्या अक्षरातली पोथी. कुणालाच आठवावं लागलं नाही. सगळ्यांचं उत्तर तयार होतं, विचारलंच नव्हतं कुणी. साठ हजार कमीच पडले, आणि गंमत म्हणजे मला त्याचा आनंद झाला.

एकतीस तारखेला गठ्ठे आले. जागृतीने शिक्क्याची शाई वाळायचीही वाट पाहिली नाही.