जरा जास्त वेळ धरा

रुपीने भिंतीतला प्लग उपटला आणि यंत्रावरचा हिरवा दिवा विझला.

"ओ बाई, पेशंट झोपलीय आत," डॉक्टर म्हणवणारा तो माणूस खुर्चीतून उठला. मोखाड्याच्या बाजारातल्या गाळ्यात पडदा लावून त्याने दवाखाना थाटला होता. पडद्याआड रुपीची थोरली बहीण फागी उघड्या छातीला जेल फासून पडली होती.

"पेशंट नाय, बहीण हाय माझी," रुपी म्हणाली. ती जामसरला आश्रमशाळेत स्वयंपाक करायची आणि तिचा आवाज जेवणाची पंगत गप्प करणारा होता. "आन् हे यंत्र कंबर शेकायचं. आमच्या हेडमास्तरांची कंबर धरली, तवा हेच फिरवलं व्हतं."

त्याने भिंतीवरच्या काचेतल्या कात्रणाकडे बोट केलं. अतिसूक्ष्म कण आणि ध्वनिलहरी वापरून कॅन्सरच्या पेशी मारता येतात, चिरफाड लागत नाही, अशी बातमी होती. "पेपरवाले खोटं छापतात काय? कण मी पुडीतून देतो. वरून लहरी सोडतो."

रुपीने टेबलावरची पुडी उघडून जिभेला लावली. चुलीतली राख. उरलेली तिने त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर झटकली.

"रुपे, तुला कोन बोलावलं व्हतं?" फागी पदर सावरत उठली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "गाठ मऊ पडत व्हती माझी."

रुपी दात खात राहिली. छातीतली गाठ काढून टाका म्हणून जव्हारच्या सरकारी दवाखान्याने फागीला नाशिकला धाडलं होतं. नाशिकच्या दवाखान्यातल्या खिडकीवर हा कागद नाही, तो दाखला नाही करत तिला दिवसभर उभं ठेवलं आणि परत पाठवलं. मग भाताची लावणी आली आणि पुन्हा जाणं राहून गेलं. इथे हा लबाड मात्र "या ताई, बसा ताई" म्हणत होता, दुखतंय का म्हणून विचारत होता. फसवणाऱ्याला एवढं गोड बोलता येतं, आणि बरं करणाऱ्यांना साधं बस म्हणता येत नाही, याची तिला मनस्वी चीड आली.

फागीला दंडाला धरून तिने जव्हारच्या जीपमध्ये घातलं.

सरकारी दवाखान्यात त्या दिवशी सोनोग्राफीच्या डॉक्टर जयश्री आल्या होत्या. रुपीने कात्रणाचं विचारलं, तेव्हा "बातमी खरी आहे," फागीच्या पोटावर यंत्र फिरवत त्या म्हणाल्या. "ते कण गाठीत जाऊन साठतात. मग बाहेरून लहरी सोडल्या की तेवढ्याच जागेच्या पेशी मरतात. पण ते यंत्र वेगळं, हे फक्त आतलं बघायचं. आणि तो उपाय अजून प्रयोगातच आहे. बहुतेक उंदरांवर."

"म्हंजे उंदरांचा नंबर आमच्या आधी," रुपी म्हणाली. "कणगीतल्यांना सांगते जाऊन. त्यांच्याकडं सगळे कागद असतील."

डॉक्टर हसल्या नाहीत. यंत्राच्या पडद्याकडे बघता बघता त्यांचा हात थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. "लिव्हरमध्ये उतरलंय," त्या रुपीला हळूच म्हणाल्या. "नाशिकला न्यायचंच, चिठ्ठी मी देते. पण लावणीच्या आधीच गाठ काढली असती तर..."

रुपीच्या मुठी वळल्या. इथे कोणाचा प्लग उपटायचा ते तिला कळेना.

तेवढ्यात फागीने डॉक्टरांचं मनगट धरलं आणि यंत्र पोटावरून उचलून छातीवर नेलं. "बाई, गाठ हिथं हाय. पोटावर काय फिरवता? तुमचं यंत्र मोठं हाय, सरकारी. हिथं धरा. जरा जास्त वेळ धरा."

डॉक्टरांनी रुपीकडे पाहिलं. बहिणीला ही समजावेल, असं त्यांना वाटलं असावं. रुपीने जेलची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. मग डॉक्टरांनी आणखी थोडं जेल घेतलं आणि यंत्र गाठीवर ठेवलं. फागीने डोळे मिटले.

"आवरा लवकर," दारातून शिपाई ओरडला. "पुढची बाई ताटकळलीय." त्याच्यामागे एक गरोदर पोर भिंतीला टेकून उभी होती.

रुपी स्टुलावरून उठली. ते उचलून तिने शिपायाला कोपराने बाजूला सारलं आणि बाहेर त्या पोरीपुढे ठेवलं.

"बस गं बाय," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं चाललंय अजून."